बगदादचा मधला पुठ्ठा

२००३ चा पाडवा. बगदादवर बॉम्ब पडायला लागून दोन आठवडे झाले होते, आणि अमेरिकेतल्या डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळात वाद चालला होता तो श्रीखंड घरी करायचं की विकत आणायचं याचा. मी शेजारच्या कोलंबस शहरात शिकत होतो. पुण्यात कॉलेजच्या दारात पत्रकं लिहून, वाटून हात तयार झालेला. मंडळाने मला मुलांसाठी ‘आपल्या अंकांचा प्रवास’ करायला सांगितलं. सायन्स प्रोजेक्टला मुलं वापरतात तसला तीन घड्यांचा पुठ्ठा.

डावीकडे भारत, उजवीकडे युरोप, मध्ये बगदाद, अब्बासी खलिफांची राजधानी. आपलं गणित तिथल्या दरबारात पोचलं, अरबीत उतरलं, तिथल्या विद्वानांनी त्यात स्वतःची भर घातली, मग ते पश्चिमेला गेलं. हे ठळक लिहिलं आणि खाली एक ओळ: ‘आज बॉम्ब पडताहेत ते याच शहरावर.’

अध्यक्ष काका खुर्च्या लावता लावता थांबले.

“हे मधलं काढ रे.”

“मग अंक युरोपात गेले कसे, काका? विमानाने?”

“सरळ बाण दाखव. भारत ते युरोप. आणि तू स्टुडंट व्हिसावर, माझं ग्रीन कार्ड अडकलेलं. कुणी फोटो काढला म्हणजे?”

भीती खरी होती, तिला मी हसलो नाही. पण आपल्या भीतीपायी पाचशे वर्षांची राजवट एका बाणाखाली गाडायची? आणि वर मुलांना सांगायचं, हा इतिहास! डोकं फिरलं माझं.

तेवढ्यात नागपूरला इतिहास शिकवलेल्या एक काकू चष्मा लावून वाचायला लागल्या.

“सगळे खलिफा इतके गुणी? बसऱ्याजवळच्या खाऱ्या जमिनीत आफ्रिकेतले गुलाम राबवले, त्यांनी मोठं बंड केलं, ते कुठे आहे? हे पत्रक झालंय बाळा, इतिहास नाही झाला.”

“बघ,” काका खूश झाले, “काकूपण म्हणतात काढ.”

“काढ नाही म्हटलं हो मी. घाल म्हटलं.”

मला ते बंड माहीत होतं. समोरच्याच्या हाती कोलीत नको म्हणून गाळलं होतं. पत्रकं लिहून लिहून लागलेली खोड. म्हणजे काका जे करायला सांगत होते तेच मी आधी करून बसलो होतो. मार्कर घेतला आणि उरलेल्या जागेत बंड लिहिलं, बारीक अक्षरात नाही.

“ती शेवटची ओळ तरी खोड,” काका म्हणाले.

“नाही.”

“मग मंडळाचं नाव नको त्यावर.”

“माझं टाकतो.”

पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. काका खुर्च्यांकडे गेले. कार्यक्रम संपेपर्यंत मी पुठ्ठ्याजवळून हललो नाही, कुणी हळूच घडी घातली असती. बरेच जण वाचून पुढे गेले. माझ्याच वयाचा एक म्हणाला, “सणासुदीला पॉलिटिक्स कशाला यार?”

त्याला डावीकडच्या घडीपाशी नेऊन उभा केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.