भुताशी ठरलेला सौदा

आमच्या चिचगडकडे भूत मारून काढत नाहीत, त्याच्याशी सौदा करतात. बाई घुमू लागली की पुजारी विचारतो, "तू कोण? तुले काय पायजे?" भूत मागतं आणि घरच्या पुरुषाने घासाघीस करायची. बोकड मागितला तर कोंबड्यावर आणायचं. ठरलं ते दिलं की भुताने जायचं.

मी जंगलातली मोहफुलं आणि झाडाची लाख डोक्यावर वाहून गोंदियात विकत दुकानापर्यंत पोचलेला माणूस. घासाघीस मला कोणी शिकवायला नको. म्हणून धाकट्या बहिणीला सासरच्यांनी नवेगाव बांधहून बैलांच्या खाचरात घालून माझ्या दारात आणून टाकलं, तेव्हा मी घाबरलो नाही, संतापलो. तिच्या अंगात तिची सवत येत होती. मेव्हण्याची पहिली बायको, गावच्या बांधाच्या तलावात बुडून मेलेली.

चिचगडला पुजाऱ्यासमोर बहीण घुमली. आवाज तिचा नव्हता. जाड, ओला.

"कोण होय?"

"पहिली."

"काय पायजे?"

"धानाच्या कोठीत नोको कोंडू. मी त्या घरी नाई जात."

"हे जमत नाही," मी म्हणालो. "दुसरं माग."

पहिला भाव कोणी खरा धरतो काय? ती रडली, कुरकुरली, शेवटी चांदीचा टाक आणि एक लुगडं यावर आली. मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, ही रीत. सासरच्या चिकटांनी तो केलाच नव्हता. मी टाक घडवला, हिरवं लुगडं घेतलं आणि बहिणीला परत पोचवलं.

"शेठ, भूतही हारलं गा तुमच्यापुढं," पुजारी म्हणाला.

पुढची बातमी मला बाजारात बहिणीच्या सासरगावच्या मासेवालीकडून कळली. "तुमच्या बहिणीले आगगाडीत बसवून पागलखान्यात नेऊन टाकलं ना! तुमाले नाई सांगितलं?" नाही सांगितलं. सख्ख्या भावाला नाही. हा काटा आजही निघालेला नाही.

मी पागलखान्याच्या शहरात गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला.

"माझी बहीण द्या," मी म्हणालो.

"न्या. पण नेऊन काय कराल?"

"पुजारी आहे आमचा."

वाटलं, हसेल. तो म्हणाला, "काय विचारतो तो?"

मी सांगितलं.

"मीही तेच विचारतो. पूर्वी अशा बायकांना साखळीने बांधत, डोक्यावर गार पाणी ओतत. आता परदेशात काही डॉक्टर नुसतं बोलू देतात. आमचे साहेब मला हसतात, पण मी करून पाहतोय. बरं, विचारल्यावर पुढे काय करतो तुमचा पुजारी?"

"पुढे काय, सौदा."

"म्हणजे बोलणं अर्ध्यावर तोडता."

मी भडकलो. "नुसतं ऐकायचा पगार मिळतो तुम्हाला. आमचं दुकान बोलण्यावर चालतं."

"मग जा दुकानावर. नाहीतर गप बसा."

रागातच बसलो. बहिणीला आणलं. केस कापलेले, गळ्यात टाक. माझ्याकडे पाहिलं आणि तोच ओला आवाज निघाला. डॉक्टर फक्त "हं, मग?" म्हणत होता.

"मग मले कोठीत घालते. धानाचा भुसा नाकात जाते. बाहेर सासू मुसळ घालत रायते, म्हणून हाक कोणाले आयकू नाई जात."

"मग?"

"भावानं दिलेलं हिरवं लुगडं सासूनं सोडून घेतलं. म्हणे, भूत कायले नेसते लुगडं? मग झाकण लावलं."

हिरवं लुगडं पहिलीने कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्या सौद्यातलं. सवतीच्या आवाजात माझी बहीण बोलत होती. स्वतःच्या तोंडाने सासरची तक्रार केली असती तर 'सोस' म्हणून गप्प केलं असतं. मेलेलीचं ऐकून तरी घेतात.

या वेळी डॉक्टरच्या आधी मीच विचारलं, "मग?"

तिने टाक मुठीत धरला. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, घरी जावाचं काय?"

मी तिला घेऊन आलो. मेव्हणा दोनदा माणसं घेऊन आला. "आमची बाई आमच्या हवाली करा," म्हणाला. "कोठी आणलीस का सोबत?" मी विचारलं, आणि तराजूचं वजन उचललं. गेला. जातीतले लोक अजून म्हणतात, दुकानात भूत बसवलंय. ज्यांना भीती वाटते त्यांनी लाख दुसरीकडे घ्यावी.

टाक तिने उतरवला नाही. दिवेलागणीला ती लाखेच्या पोत्यांपाशी बसते आणि कधीकधी तो आवाज येतो. कोठीचं आता फारसं निघत नाही. हल्ली ती पाण्याखालचं सांगते: पायाला गुंडाळणारं शेवाळ, वरून तरंगत जाणाऱ्या डोंग्याचा काळा तळ, काठावर उभं राहून पाहणारं कोणीतरी. हे बहिणीने कुठे पाहिलं? ती बांधात कधी उतरली नाही. बुडाली ती पहिली.

डॉक्टरला विचारायला जाणार होतो. गेलो नाही. गिऱ्हाईक असलं तरी तराजू खाली ठेवतो आणि तिच्यासमोर बसतो.

"मग?"