न वाजणाऱ्या सहा बाटल्या

कल्पना करा, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत गोळ्यांच्या सहा बाटल्या आहेत. प्रत्येकीत तीस गोळ्या. डोंगर उतरायचा, ओढा ओलांडायचा, मग समोरची चढण. वाटेत भेटेल तो थांबवून विचारणार, कुठून आलात, कुठे निघालात. न थांबता पुढे जाणं म्हणजे उर्मटपणा. आणि या सगळ्यात एकही बाटली वाजता कामा नये. प्लास्टिकच्या बाटलीत गोळ्या खुळखुळल्या की लेसोथोच्या आमच्या डोंगरात लहान पोरालाही कळतं, ही एचआयव्हीची औषधं.

आमच्याकडे मोठ्या बाईला म्मे, म्हणजे आई, म्हणतात. म्मे मालिनेओ हे काम अकरा वर्षं करत होत्या. त्या गावाच्या आरोग्यसेविका. ज्या सहा बायकांना दवाखान्याच्या रांगेत दिसणं परवडत नव्हतं, त्यांच्या बाटल्या त्या न्यायच्या. आधी घरी बसून प्रत्येक बाटलीत अंगोरा शेळीची लोकर बोटाने दाबून भरायच्या. मग पिशवी कितीही हलवा, आवाज नाही. घोड्यावरच्या कुणी पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, तर सांगायच्या, "तुमच्या सासूचे दात. तिने परत मागवलेत." माणूस हसत पुढे जायचा.

लोकर भरतात हे मला माहीत होतं. मी त्सेलिसो, दवाखान्यात औषधं देतो, तीन वर्षं राजधानीत, मासेरूला शिकलोय. लोकर कशाला, हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाची सवय असेल, असं समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात म्मे मालिनेओंचा भाऊ वारला. मातीला त्या मोखोटलाँगला गेल्या, पाच दिवसांसाठी. जाताना भरलेल्या सहा बाटल्या दवाखान्याच्या कपाटात ठेवल्या आणि मला बजावलं, आल्यावर मीच नेईन, तोवर पुरतील एवढ्या गोळ्या सगळ्यांकडे आहेत.

तेव्हा आमच्याकडे एलिन होती. स्वीडनची, सव्वीस वर्षांची, फार्मसी शिकलेली. सहा महिने बिनपगारी काम करायला आली होती. वाईट मुलगी नव्हती, हे लिहायला मला आज जड जातंय. सकाळी सगळ्यांआधी यायची, आमच्या भाषेत नमस्कार करायची. एकाचाही डोस चुकू नये म्हणून बाटल्या आपणच पोचवाव्यात, असं तिला वाटलं. तिने झाकणं उघडली. आत मातकट, तेलकट लोकर. लोकर ओल धरते, गोळ्या खराब होतील, हो ना, असं तिने मला विचारलं. पुस्तकात तसंच आहे. मी हो म्हणालो.

तिने सहाही बाटल्या साफ केल्या आणि दुपारभर चालून एकेकीच्या हातात दिल्या. गणवेश घातला नव्हता. पत्ते रजिस्टरातून घेतले होते, वाटेत कुणाला विचारले नव्हते. अगदी काळजीने केलं सगळं.

त्या सहा जणींत न्थाटिसी होती. बावीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर, नवरा सरहद्दीपलीकडे खाणीत. बाटली ती घोंगड्याखाली कमरेला बांधायची, या वेळी लोकर नव्हती म्हणून जास्तच आवळून. त्या रविवारी नवरा सुट्टीवर आला, घर पाहुण्यांनी भरलं. पापाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीचं, पातेलं चुलीवरून उतरवायला ती वाकली आणि बाटली वाजली.

सासूने ऐकलं. म्मे मामोतेबांग. पाहुण्यांसमोर तिने सुनेचं घोंगडं ओढलं, बाटली काढून राखेच्या ढिगावर फेकली. माझ्या मुलाला रोग दिलास, म्हणाली. नवरा खाली बघत जेवत राहिला. संध्याकाळच्या आत न्थाटिसी घराबाहेर होती.

आता ऐका. उरलेल्या पाचांतली एक बाटली म्मे मामोतेबांगची होती. सात वर्षं ती त्याच गोळ्या घेते. माझ्या रजिस्टरात दोघींची नावं आहेत. एकाच पिशवीतून, एकाच घरात, दोन बाटल्या जात होत्या आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. एलिनने दिलेली बाटली वाजतेय म्हटल्यावर सासूने लगेच आपल्या उशीतली लोकर काढून तिच्यात कोंबली असणार. तो आवाज तिच्याइतका कुणाला ओळखू येणार होता?

म्मे मालिनेओ परतल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. राखेतून त्यांनी सत्तावीस गोळ्या वेचल्या. न्थाटिसीच्या माहेरी चालत गेल्या. ती तिथे पोचलीच नव्हती. मी आजूबाजूच्या चार दवाखान्यांत फोन केले. कुणाकडे तिचं नाव नाही. गोळ्या थांबल्या तर बाळालाही धोका, हे मी सांगायची गरज नव्हती.

एलिन रडली. म्मे मालिनेओंनी तिला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. महिन्याने ती घरी गेली. निरोपाला केक होता. म्मे मालिनेओ आल्या नाहीत, त्या दिवशी त्या म्मे मामोतेबांगची बाटली पोचवायला गेल्या होत्या. लोकर भरून. त्या परतल्यावर मी चिडून म्हणालो, तीही याच गोळ्या घेते, एवढं एकदा बोला, सगळ्या गावासमोर तिचं तोंड बंद होईल.

"आणि उद्यापासून माझ्या पिशवीतली बाटली कोण घेईल?" त्या म्हणाल्या. "मी त्या बाईवर थुंकतसुद्धा नाही, पोरा. पण तिची गोळी चुकवणार नाही."

मागच्या आठवड्यात एलिनचं पत्र आलं. तिकडे तिने आमच्या दवाखान्यावर भाषण दिलं होतं, लोकांना आवडलं. न्थाटिसीचं काही कळलं का, असं शेवटी विचारलं होतं. मी वाचून दाखवलं. म्मे मालिनेओ म्हणाल्या, उत्तर लिही, मी सांगते तेवढंच. मी पेन घेतलं. त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या, पत्राकडे नाही.

"लिही. लोकर मी भरली होती. पाच दिवसांत मी परत येणार होते. मग ती कशाला भरली, हे तू मला न विचारता या त्सेलिसोला का विचारलंस?"