जादा गाडी आणि सोनकांबळे काकांचं नाक

सोनकांबळे काका मला पहिल्यांदा दिसले नाहीत, ऐकू आले. लातूरहून बदली होऊन मी नांदेडला आलो, सामानाचा टेम्पो नव्या गल्लीत वळला आणि समोरच्या गच्चीवरून आवाज आला. भोंगा नाही, माईक नाही, नुसता गळा. "लातूर, अहमदपूर, लोहा मार्गे आलेला टेम्पो फलाट क्रमांक एकवर लागत आहे. कपाट उतरवणाऱ्यांनी कृपया विजेच्या तारेकडे लक्ष द्यावे." हमालांनी घाबरून वर पाहिलं. तार कपाटापासून वीतभर लांब होती. आमचं कपाट आणि बहुधा एक हमाल त्या दिवशी काकांच्या गळ्यामुळे वाचला.

काकांची उभी नोकरी बसस्थानकांवर गेली. वाहतूक नियंत्रक. आधी कंधार, मग औसा, शेवटची वर्षं देगलूर, सुट्टीला तेवढे नांदेडला घरी. देगलूरला तर ते आधी मराठीत पुकारायचे, मग तेलुगूत, आणि गाडीचा ड्रायव्हर अजून चहा पीत असेल तर कन्नडमध्येही. घरात अस्सल नांदेडी बोलणारा हा माणूस काही जाहीर करायचं म्हटलं की एकदम इस्त्री केलेल्या मराठीत शिरायचा. "चहा टाकून राहिली का न्हाई?" असं विचारून उत्तर आलं नाही, की पुढचं वाक्य यायचं, "चहाची गाडी तांत्रिक कारणामुळे उशिराने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आतून कौसल्याकाकू भांडं आपटायच्या. तेवढ्यावर काका गप्प. काकूंना जाहीर घोषणा कधी करावी लागली नाही, भांडं पुरायचं.

निवृत्तीच्या दिवशी काका देगलूरहून घरी आले ते शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक कुत्रं घेऊन. हे कुत्रं तिथल्या स्थानकातच वाढलेलं. केस इतके लांब की त्याचा बाप कुठल्या तरी बंगल्यातला असावा, आणि वागणूक अशी की आईने त्याला त्या बंगल्याचा पत्ता कधी दिला नसावा. काका शेवटच्या गाडीत चढले, मागोमाग हाही चढला. कालपर्यंतच्या साहेबाला आज नियम कसा सांगायचा, या विचारात कंडक्टरने दार लावून घेतलं. नाव ठेवलं जादा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "येळापत्रकात न्हवता मास्तर. आला. मग जादा गाडीच की." त्या संध्याकाळी काकू माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, एक माणूस कायमचा घरात आला तेवढं कमी होतं का, की वर हे केसाळ धूड.

आणि मग काका शिंकू लागले.

ती शिंक साधी नव्हती. तिला प्रस्तावना होती. काका आधी चष्मा काढायचे, तो माझ्याकडे द्यायचे, एक बोट वर करून बोलणाऱ्याला थांबवायचे, तोंड आभाळाकडे करायचे. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. मग ती यायची, आणि समोरच्या पत्र्यावरची कबुतरं जागा सोडायची. पहिल्यांदा आम्हाला मजा वाटली. पण शिंकेमागून डोळ्यांना पाणी आलं, नाक चोंदलं, आणि दिवाळीच्या सुमारास घसा बसायला लागला. गच्चीवरची घोषणा आमच्या फाटकापर्यंत पोचेना.

काकांनी संशयितांची रांग उभी केली. डाळ मिलचा भुसा, नव्या रस्त्याचं सिमेंट, काकूंची लाल मिरचीची फोडणी, आमच्या घरची उदबत्ती. उदबत्तीसाठी मला खास बोलावून समज देण्यात आली. पायाशी पसरलेल्या जादाकडे कुणी बोट दाखवलं की म्हणायचे, त्या बिचाऱ्याचं काय हाय त्याच्यात. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या करून सांगून टाकलं की कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, कुत्रं कुणाला तरी द्या, तोपर्यंत हा नाकातला फवारा आणि या गोळ्या. काकांनी गोळ्या घेतल्या. नाक थांबलं, पण काका दुपारभर पेंगायला लागले. "गोळीनं नाक थांबून राहिलं, पर माणूस बी थांबून राहिला," ते म्हणाले.

लातूरला शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी उज्ज्वला संक्रांतीला आली, ती हे ऐकून. बापाचा गळा तिने लहानपणापासून अभिमानाने ऐकलेला. एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या जयंतीचं व्यासपीठ काकांच्या आवाजाशिवाय उघडायचं नाही. निळे झेंडे लागले की पोरं आधी काकांकडे यायची, मग मांडववाल्याकडे. ओसरीवर बसून तिने बापाला सरळ विचारलं की तो आवाजच गेला तर तुमच्याजवळ राहील काय. मग बापलेकीत करार झाला आणि साक्षीदार म्हणून मला बसवलं. जयंतीला ती गाडी घेऊन येणार. काकांनी व्यासपीठावरून पहिल्यासारखं पुकारलं, तर जादा इथेच राहील. आवाज बसला किंवा शिंक आली, तर जादा तिच्या सासरी, औशाच्या शेतावर. काकांनी "मंजूर" म्हणून हात पुढे केला आणि तिने तो हातात घेण्याआधीच चष्मा काढून माझ्याकडे दिला.

आता गल्लीतला प्रत्येक जण वैद्य झाला. कुणी हळद-दूध सांगितलं, कुणी तुळशीचा काढा, कुणी ओव्याची पुरचुंडी. काका सगळं श्रद्धेने करायचे. एकाने कडुलिंबाच्या पाल्याची धुरी सांगितली. काकांनी दारं-खिडक्या लावून ती घेतली आणि पुढचा तासभर मी त्यांना ओसरीवर वारा घालत बसलो होतो. जादा मात्र धुराच्या आधीच बाहेर पडला होता. दोघांत अक्कल कुणाला हे तेव्हाच दिसलं होतं.

मग काकांना आपली स्वतःची युक्ती सुचली. रोग केसात आहे ना, मग केसच नकोत. देगलूर रस्त्याला धनगरांचा तळ पडला होता, मेंढ्यांची लोकर कातरणं चालू होतं. काका जादाला रिक्षात घालून तिथे गेले. धनगर म्हणाला, म्या कुत्रं कातरत न्हाई. काकांनी त्याला ओळखीची दोन-तीन गावं सांगितली, चहा पाजला, आणि मेंढ्यांच्या ओळीत जादाचा नंबर लावला. परत आला तो जादा मलाही ओळखू आला नाही. उघडा, गुलाबी, अंगावर कातरीच्या पायऱ्या पायऱ्या, शेपटाच्या टोकाला तेवढा एक झुबका शिल्लक. काकूंनी त्याला पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि हसू आवरायला आत गेल्या. जादा दिवसभर पलंगाखालून बाहेर आला नाही. काकांना त्याची एवढी दया आली, की संध्याकाळी त्याला मांडीवरच घेऊन बसले. आणि कबुतरं पुन्हा उडाली, नेहमीपेक्षा लांब.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि हे कुणी केलं असं विचारलं. मी छताकडे बघत राहिलो. बाईंनी समजावलं, की काकांना शिंक केसांमुळे येत नाही. कातडीचा बारीक कोंडा असतो, लाळ असते, त्याने येते. केस असतात तेव्हा त्यातला बराच कोंडा केसांतच अडकून राहतो, आता तर तो थेट काकांच्या सदऱ्यावर पडतोय. हे मुळापासून जाणार नाही, पण घर नीट ठेवलं तर बरंच कमी करता येईल. आणि फवारा बंद करू नका, तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करा. काकांनी एवढंच विचारलं, कमी म्हणजे माईकपुरतं का? बाई म्हणाल्या, करून बघा.

काकांनी घराचं बसस्थानक केलं. झोपायची खोली जादाला बंद. हा सगळ्यात कठीण नियम, कारण जादा आल्या दिवसापासून काकांच्या पायाशी झोपायचा. पहिल्या दिवशी तो बंद दाराला नाक लावून कुरकुरला तेव्हा आतून घोषणा झाली, "जादा गाडी ओसरीच्या फलाटावरूनच सुटेल," पण शेवटचे शब्द नीट आले नाहीत, आणि त्याचं कारण नाक नव्हतं. पडदे, सतरंज्या, कापडी गाद्यांचा सोफा, ज्यात म्हणून कोंडा बसतो ते सगळं दिवाणखान्यातून निघालं. गोधड्या आठवड्याला गरम पाण्यातून निघू लागल्या. जादाचं पोतं वेगळं, धुणं वेगळं. झाडू बंद, कारण झाडूने कोंडा उडतो. ओल्या फडक्याने फरशी पुसायची, आणि ती पुसून होईपर्यंत पंखा लावायचा नाही. नोकरीत पाण्याचा ग्लाससुद्धा शिपायाकडून घेतलेले काका मार्चच्या उकाड्यात गुडघ्यावर बसून फरशी पुसताना मी पाहिले आहेत. उकळून निववलेल्या पाण्यात मीठ घालून ते नाक धुवायचे. तो विधी बघायला काकू कधी थांबल्या नाहीत.

पण जादाला विंचरायचं, न्हाऊ घालायचं, त्याचं पोतं झटकायचं, ही कामं शिंकणाऱ्या माणसाने करायचीच नसतात. मग ती कुणी करायची? गल्लीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी भांडं आपटलं. पण दुसऱ्या दिवशी अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, उरलेल्या खुंटांवरून फिरवायला त्या फणी घेऊन बसल्या. सुरुवातीला त्या त्याला विंचरताना शिव्या द्यायच्या. मग शिव्यांचा सूर बदलला. मग त्या त्याच्याशी माहेरच्या गोष्टी बोलायला लागल्या. जादाला रोज आंघोळ घालावी असं काकांचं म्हणणं, तर त्या म्हणाल्या, बाईंनी सांगितलंय, रोज न्हाल्यानं त्याची कातडी कोरडी पडते आणि कोंडा वाढतो, तुम्ही गप बसा. केस परत उगवू लागले तसा काकूंनी त्याला खोबरेल लावायचा बेत केला होता. तो बाईंनी मोडला.

काका अधूनमधून चोरी करायचे. दुपारी काकू बचत गटाला गेल्या की ओसरीवर जादाशेजारी लवंडायचे. काकू परत आल्या की पांढऱ्या सदऱ्यावर केस सापडायचे. "कुठून आले हे?" काकू विचारायच्या. काका म्हणायचे, वाऱ्यानं. काकू सदरा काढायला लावायच्या, हातपाय धुवायला लावायच्या, आणि संध्याकाळच्या चहात साखर विसरायच्या.

एप्रिल आला. शिंका थांबल्या नव्हत्या, पण विरळ झाल्या होत्या. गोळी आता एखाद्या वाईट दिवशीच लागायची. जयंतीच्या संध्याकाळी उज्ज्वला पहिल्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. काका माईकसमोर उभे राहिले. पहिलं वाक्य आलं. स्वच्छ, भरलेलं, गल्लीच्या शेवटापर्यंत जाणारं. पाहुण्यांची नावं झाली, भोजनदानाची रांग कुठून लावायची ते झालं. आईपासून चुकलेल्या एका लहान मुलीला कडेवर घेऊन काकांनी असं पुकारलं, की तिची आई रडत, हसत धावत आली. उज्ज्वलाने डोळे पुसले. तेवढ्यात मिरवणूक आली, ढोल आले, निळा गुलाल उधळला गेला, आणि काकांनी चष्मा काढला. माईक बाजूला करायला पोराला उशीर झाला. ती शिंक सगळ्या भोंग्यांतून निघाली. गर्दीने टाळ्या वाजवल्या.

घरी येताना वाद झाला. मी म्हणालो, गुलालाची शिंक कुत्र्याच्या खात्यात कशी? उज्ज्वला म्हणाली, करारात शिंकेचं कारण लिहिलेलं नाही. तिलाही ते म्हणताना बरं वाटत नव्हतं, पण ही शिंक छातीत उतरून बापाला दमा होईल, अशी भीती तिच्या मनात बसली होती.

सकाळी ती निघायला तयार झाली. गाडीच्या मागच्या सीटवर तिने जुनी चादर अंथरली होती. काका स्वतः जादाचा पट्टा हातात धरून बाहेर आले. "शब्द दिला होता," एवढंच म्हणाले आणि पट्टा पुढे केला.

काकू दारात आल्या. हात पिठाचे होते.

"शब्द तुमी बापलेकीनं दिला-घेतला," त्या म्हणाल्या. "मला इचारलं कुणी? दोन म्हयने झाले त्याला इंचरून म्या राहिले, न्हाऊ म्या घालून राहिले. ह्यांची शिंक राहू द्या न्हाई तर जाऊ द्या. कुत्रं माझं हाय."

जादाने पट्ट्याला एक हिसका दिला, काकांच्या हातून तो सुटला, आणि तो जाऊन काकूंच्या पायाशी बसला. त्याला करार वगैरे ठाऊक नव्हता. फणी कुणाच्या हातात असते एवढं ठाऊक होतं. उज्ज्वला आधी हसली, मग आईच्या गळ्यात पडली, पीठ ड्रेसला लागेपर्यंत. जाताना तिने बापाला नाक रोज धुवायचं आणि छातीत घरघर झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं कबूल करून घेतलं. चादर तिने घडी करून डिकीत टाकली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, काका, कुत्रं राहिलं खरं, पण तुमचं नाही राहिलं.

काका ओसरीच्या या टोकाला, जादा त्या टोकाला काकूंजवळ. मध्ये डॉक्टरीणबाईंना पसंत पडलं असतं एवढं अंतर.

"मास्तर, गाडी स्टँडात लागून हाय न," ते म्हणाले, "मग ड्रायव्हर कोण का असंना."

मग ते उठले, पंखा बंद केला, बादलीत फडकं बुडवून पिळलं आणि कोपऱ्यापासून फरशी पुसायला लागले. निम्मी पुसून झाली तेव्हा जादा ओल्या फरशीवरून पावलं उमटवत पाणी प्यायला गेला. काका जरा थांबले, त्याला परत येऊ दिलं, आणि पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली.