आतली कडी

आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत नवी इमारत उभी राहते आहे. ज्यांना एकट्याने उठबस जमत नाही, त्यांच्यासाठी. तिथे अंघोळ घालायला, गोळ्या द्यायला माणसं असतील. ती बांधायचं ठरलं, त्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी हात मीच वर केला होता. दुसऱ्यांची सोय करताना आपण फार उदार असतो.

काल फिरून येताना सहज आत डोकावलो. सुतार न्हाणीघराचं दार बसवत होता. रुंद, बाहेरच्या बाजूला उघडणारं.

"आतून कडी लावायची राहिली की," मी म्हणालो.

"आतून कडी नाहीच, आजोबा. कुणी पडलं तर दार फोडायचं का?"

बरोबरच होतं त्याचं. तरी दिवसभर चैन पडेना. पेपर हातात घेतला, ठेवला. चहा गार झाला. भरल्या घरात जन्म गेला माझा. त्यात रोजची दहा मिनिटं तेवढी माझी एकट्याची होती, ती त्या कडीच्या जिवावर. कडी लावून मी बेसूर गायलोय, साहेबाला शिव्या घातल्यात. वडील गेले तेव्हा नळ सोडून रडलोय. पडायच्या भीतीने माणसाने एवढंही सोडून द्यायचं?

आज अंघोळीला निघालो, तर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कडी लावू नका हं. परवा घसरला होतात."

"बरं," मी म्हणालो. आत गेलो, मोठ्याने खोकलो, आणि त्या आवाजात हळूच कडी सरकवली.