केतकीचा ब्रेक आणि घरचं खोबरेल

डिचोलीजवळच्या एका खाणीच्या गॅरेजमध्ये मी तीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले, आणि माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी थांबली. पुढे खाणही थांबली, पण तो दोष माझा नव्हे.

तेव्हापासून मी घरच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून असतो. (बसणं हेही कष्टाचंच काम आहे, गुडघे दुखणाऱ्या कुणालाही विचारा.) त्या शनिवारी दुपारी आमची केतकी आपली ती डोंगरात चालवायची जाड चाकांची सायकल घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"पपा, पुढचा ब्रेक गेला. लिव्हर दाबला की पार हँडलला टेकतो."

रविवारी सकाळी आठ वाजता सर्वण गावाच्या बाजूला, बंद खाणीच्या रस्त्यावर तिची पहिली शर्यत. त्यासाठी पोरगी सहा महिने ऑफिसच्या आधी पहाटे उठत होती. सुरुवातीलाच सायकल तपासतात आणि ब्रेक धड नसेल तर उतरूच देत नाहीत. तिचा नेहमीचा मेकॅनिक फोन उचलत नव्हता. सायकल घेतल्यापासून तिने मला साधी हवासुद्धा भरायला सांगितली नव्हती. सगळं फोनवर बघून शिकली. आज पहिल्यांदा बापाला विचारलं! मी इतका खूश झालो की उठताना गुडघ्यांनाही विचारलं नाही.

"ब्रेकच्या तेलाच्या लायनीत हवा शिरलीय," मी लिव्हर दाबून निदान केलं. "जीप काय नि सायकल काय! जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, बुडबुडे बाहेर. अर्ध्या तासाचं काम!"

(मी 'अर्ध्या तासाचं' म्हटलेलं एकही काम आजवर त्याच दिवशी संपलेलं नाही.)

मी जीपच्या ब्रेक ऑइलची जुनी बाटली शोधून आणली. केतकीने ती हातातून काढून घेतली.

"हे घालू नको हां, पपा! आतले रबर फुगतात. हे बघ, लिव्हरवरच लिहिलंय. मिनरल ऑइलच लागतं."

एवढं सांगून ती शर्यतीचा नंबर आणायला गेली. म्हणजे आता मला अडवायला कोणी नव्हतं.

डिचोलीच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. शेवटच्या हार्डवेअरवाल्याने मला फार्मसीत पाठवलं.

"मिनरल ऑइल? आहे की," फार्मसीवाला म्हणाला. "कुणाला हवं?"

"मुलीच्या सायकलला."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, बाटली पुढे ठेवली आणि सवयीने सांगून टाकलं, "झोपताना दोन चमचे. सकाळी पोट साफ."

मागे रांगेत उभे असलेले दोघे खुदकन हसले. ज्याने तीस वर्षं खाणीच्या गाड्या थांबवल्या, त्याने पोरीच्या ब्रेकमध्ये जुलाबाचं औषध घालायचं? मी बाटली परत सरकवली आणि ताठ मानेने बाहेर पडलो. (त्या तेलाने काम भागलं असतं, हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

वाटेत डोक्यात उजेड पडला. तेलच लागतं ना? मग घरी घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल आहे! आपल्याच माडांचं, शुद्ध, पातळ, भेसळ नाही!

सायकल बाल्कांवात उलटी-सुलटी करून झाल्यावर मी बायकोला हाक मारली. "सुमती, जरा ये. मी सांगेन तसा लिव्हर दाब, धर, सोड."

"माका बांगडे साफ करूचे आसत."

"पाचच मिनिटं गं!"

बांगड्याच्या हातांनीच ती आली. मी खाली वाकून स्क्रूला पाना लावला.

"दाब!"

"दाबलंय."

"धर!"

"धरलंय. अगो बाय, मांजर इला!"

लिव्हर सोडून ती स्वयंपाकघरात धावली. इकडे स्क्रू उघडा, लायनीने आवंढा गिळावा तशी सगळी हवा परत आत घेतली. एक बांगडा मांजराने नेला. दुसऱ्या खेपेला तेलाची चिळकांडी माझ्या चष्म्यावर. तिसऱ्या खेपेला सुमती म्हणाली, "तुमच्या गॅरेजात बायका नव्हत्यो, तेवढा बरा होता." चौथ्या खेपेला लिव्हर घट्ट झाला. अंधार पडत आला होता आणि माझी पाठ सरळ व्हायला तयार नव्हती.

केतकीने येऊन गल्लीत एक फेरी मारली. ब्रेक दाबताच सायकल जागच्या जागी थांबली!

"मस्त झालाय, पपा! तेल मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

डिसेंबर महिना. सकाळी सातला खाणीच्या खळग्यात धुकं, तोंडातून वाफा. सायकली तपासायला रांग लागली होती आणि केतकीच्या पुढे दोघीच उरल्या होत्या.

"पपा, लिव्हर हलतच नाही."

मी दाबून बघितला. दगड! रात्रभर सायकल बाल्कांवात होती आणि लायनीतलं खोबरेल गोठलं होतं. आता तुम्ही विचाराल, थंडीत खोबरेल गोठतं हे तुला माहीत नव्हतं का? होतं हो! घरची बाटली रोज सकाळी उन्हात मीच ठेवतो!

मी नळी मुठीत धरून चोळली, तिच्यावर फुंकर घातली, शेवटी थर्मासमधला चहा ओतला. लाज तर अशी वाटली की धुकं आणखी दाट व्हावं. सहा महिन्यांची पोरीची मेहनत माझ्या चार थेंब तेलात अडकली होती.

केतकी सायकल उचलून तिथल्या दुरुस्तीच्या तंबूत घेऊन गेली. मेकॅनिकने गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, स्क्रू उघडला, आत आलेलं हुंगलं आणि डोळे मिटले. पण माणूस हुशार. आतलं सगळं धुऊन, योग्य तेल भरून त्याने ब्रेक उभा केला. केतकी रांगेच्या अगदी शेवटी का होईना, पास झाली.

हात पुसत त्याने तिला विचारलं, "हे केलं कुणी?"

केतकीने माझ्याकडे बघितलं नाही. हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाली, "आमच्याकडे एक मेकॅनिक आहे. म्हातारा झालाय आता. त्याला नाही म्हणवत नाही." आणि गेली.

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी समजवा ना त्याला!"

"खूप समजावलं," मी म्हटलं. "ऐकतच नाही तो."