शेवट चेंबूरला आहे

डीन गेला. आणि त्याच्या अंत्यविधीतही आमचं गाणं मध्येच तुटलं.

तुमच्यापैकी फार थोड्यांना डीन माहीत असेल. चूक तुमची नाही.

तो इंग्लंडचा, लीड्सचा. डान्स म्युझिकचा प्रोड्युसर आणि रिमिक्सर. रिमिक्सरचं नाव गाण्याच्या नावापुढे कंसात लिहितात. माझा मित्र जवळजवळ जन्मभर त्या कंसात राहिला, आणि मजेत राहिला.

शाळा सोडून तो रेकॉर्डच्या दुकानात लागला. दुसऱ्यांची गाणी घरी न्यायची, तोडायची, लांबवायची, खाली नवा बीट टाकायचा. क्लबमध्ये लोक त्यावर नाचायला लागले, तशी कामं यायला लागली.

असंच एका सिनेमाच्या गाण्याचं रिमिक्स करायला तो अंधेरीच्या एका स्टुडिओत आला. मी त्या स्टुडिओत बुकिंग बघायचे. एका दुपारी वैतागून म्हणाला, "सुजाता, इथे जे आहे ते सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये आहेच. मला काहीतरी खरं ऐकव ना."

"चल घरी," मी म्हटलं. "चेंबूरला."

घरी म्हणजे बाबा. दिवसा गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचे, आणि बाबासाहेबांची जयंती आली की आमच्या बँजो पार्टीचे उस्ताद. मिरवणुकीत पुढे टेम्पोवर ढोल-ताशे आणि टाइपरायटरसारखी बटणं असलेला बँजो वाजतो ना, तीच पार्टी.

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "जय भीम. बस रे गोऱ्या." मग मला हळूच, "हा उन्हाने लाल झालाय की मुळातच असा आहे?"

"काय म्हणतायत?" डीनने विचारलं.

मी काय ट्रान्सलेट करणार, कपाळ!

समाजमंदिरात प्रॅक्टिस होती. डीनने माइक लावले, बाबांनी बँजो सुरू केला, आणि मग बाबा थांबेचनात. डीन खुणा करतोय, स्टॉप स्टॉप. बाबा हसतायत आणि वाजवतायत. शेवटी डीनच्या रेकॉर्डरची बॅटरी संपली. बाबा वाजवतच होते.

"विचार ना त्यांना, एंडिंग का नाही दिलं?"

"एंडिंग?" बाबा म्हणाले. "अजून विहाराच्या गेटला पोचलो कुठे? पोरं नाचतायत, बाया नाचतायत, आणि मी मध्येच बंद करू? मार खाईन ना."

बँजो पार्टीत गाण्याची लांबी रस्ता ठरवतो. मिरवणूक पोचली की मग शेवट. आणि बाबांचा शेवट त्यांचा स्वतःचा होता, कुठल्याच गाण्यातला नव्हता. खोलीत बसून तो शेवट बाबा कधी वाजवायचे नाहीत. मला शिकवला तोही गेटपाशी उभं करून.

मी हे सगळं डीनला सांगितलं. तो बराच वेळ बाबांच्या बोटांकडे बघत बसला.

परत गेल्यावर त्याने त्या रेकॉर्डिंगवर स्वतःचा ट्रॅक काढला. पहिल्यांदाच कंसाच्या बाहेर, आणि शेजारी बाबांचं नाव. झकास चालला. पण जिथे बॅटरी संपली, तिथे गाणं खटकन तुटायचं. पुढचं गाणं जोडायला डीजेला मागे लांब शेपूट लागतं. ते डीनला शिव्या घालायचे. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, शेवट जोड.

डीन म्हणाला, "शेवट माझ्याकडे नाही. चेंबूरला आहे."

जयंतीला येऊन, टेम्पोवर बसून, तो शेवट रेकॉर्ड करायचा असं ठरलं. दर वर्षी फोन. "नेक्स्ट इयर, पक्का." कधी काम, कधी त्याच्या आईचं आजारपण. मग रिमिक्सची कामंच आटली. तो कॉलेजात मुलांना शिकवायला लागला. बाबा विचारायचे, "काय गं, गोऱ्या कुठवर आला?"

मग बाबा गेले.

डीनचा फोन आला. रडत होता. "आता शेवट कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"वाजवू नकोस. मी येतो."

नाही वाजवला. बँजो कव्हर घालून कपाटावर ठेवला. जयंतीला पोरं यायची, "ताई, बँजो द्या ना." मी म्हणायचे, थांबा रे, एक पाहुणा यायचाय.

पाहुण्याची फुप्फुसंच गेली.

परवा संध्याकाळी त्याच्या बायकोने, हेलनने, मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. छोटा हॉल, मोजकी माणसं, केस पिकलेले त्याचे जुने डीजे. शवपेटी उचलताना हेच गाणं लावायचं, असं तो सांगून गेला होता.

लीड्समध्ये बाबांचा बँजो वाजत होता. मी चेंबूरला रडत होते.

आणि गाणं तुटलं.

हॉल एकदम शांत. पेटी उचललेले लोक दारापाशी थबकले. चालायचं की थांबायचं, कोणालाच कळेना.

मी स्टुलावर चढले. बँजो खाली काढला. तारा उतरल्या होत्या. प्लगशिवाय त्याचा आवाज एवढासा येतो. मी फोन अगदी बटणांजवळ ठेवला आणि म्हटलं, "हेलन, व्हॉल्यूम वाढव."

पहिला सूर चुकला. पुढचे आले.

ते लोक चालायला लागले.

कोणीही रेकॉर्ड केलं नाही, हे नंतर लक्षात आलं. राहू दे.

पण डीन, तू यायला हवं होतंस रे. टेम्पोवर बाबांच्या बाजूला, लाल तोंड, निळा गुलाल, कानाला हेडफोन. न झालेल्या त्या एका दिवसासाठी माझा जीव अजून तुटतो. तुम्ही दोघंही नाही आता, आणि जयंती दर वर्षी येणार.

यंदा बँजो पोरांना देणार आहे. शेवटही शिकवणार आहे. गेटपाशी उभं करून.

तू पोचलास. आता शांत झोप.

जय भीम, गोऱ्या.