मुगीची तहान

अतर्क्य अनुभवांच्या या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि आजवर एक ओळही लिहिलेली नाही. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. मी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी केलीय, दिवसभर लॅबमध्ये धातूच्या पातळ थरांना तडे कुठे जातात ते बघते. जे रीडिंग दोनदा सारखं येत नाही ते धरायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. आता जे सांगणार आहे त्याचं रीडिंग एकदाच आलं. तुम्ही विश्वास नाही ठेवलात तर मला अजिबात राग येणार नाही.

आम्ही जपानमध्ये कावासाकीला राहतो. त्याआधी पाच वर्षं टोकियोत ओजिमाला होतो. तिथे निम्मी बिल्डिंग आपल्याच लोकांची, खाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा. ते सगळं सोडून इकडे आलो ते एका कुत्र्यापायी, कारण ओजिमाच्या आमच्या घरात कुत्रं ठेवायला परवानगी नव्हती.

त्याचं नाव मुगी. एक जपानी आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि हा मागे राहिला. सात वर्षांचा, गव्हाळ रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. मुगी म्हणजे जपानीत गहू किंवा सातू. नाव त्या आजींनीच ठेवलेलं, आम्ही बदललं नाही.

कुत्रं पाळणं म्हणजे काय हे मला तोवर माहीतच नव्हतं. इथे तर त्याचेही नियम. फिरायला जाताना पिशवी आणि पाण्याची बाटली न्यायची — त्याने कुठे पाय वर केला की तिथे पाणी ओतून धुवायचं. घरात शिरताना चारही पाय पुसायचे. लिफ्टमध्ये त्याला कडेवर घ्यायचं आणि एक खास बटण दाबायचं, म्हणजे आत कुत्रं आहे हे बाहेरच्यांना कळतं. भर पावसात, तापात, ऑफिसच्या डेडलाइनमध्ये — दोनदा फिरवायचंच. सुट्टीत भारतात जायचं तर आधी याची सोय. निखिल, म्हणजे माझा नवरा, आणि मी सात वर्षांत एकदाही एकत्र भारतात गेलो नाही.

आणि तरीही... दार उघडलं की तो तोंडात एक मोजा धरून उभा असायचा. रोज. मोजा द्यायचा नाही, नुसता दाखवायचा.

आई गेल्यावर बाबा तीन महिने आमच्याकडे आले. बाबा साताऱ्याला आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. कडक माणूस. कुत्रं घरात हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मुगीने त्यांच्या पायाशी मोजा आणून ठेवला — ठेवला, नुसता दाखवला नाही — तर म्हणाले, "ह्याला बाल्कनीत बांध. मी जेवतोय."

पण आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सातला यायचो. मधले अकरा तास त्या घरात ते दोघंच. बाबांना जपानी येत नव्हतं, मुगीला मराठी. दुसऱ्या आठवड्यात मी घरी आले तर बाबा त्याला सांगत होते, "तुझ्या मालकिणीला म्हणावं, आमटीला मीठ कमी होतं," आणि मुगी मान तिरकी करून ऐकत होता. महिन्याभरात 'बस', 'ऊठ', 'सरक तिकडे' सगळं त्याला कळायला लागलं. रोज दुपारी दोघं तामा नदीच्या बांधावर जायचे. बाबा बाटलीतलं पाणी आधी हाताच्या ओंजळीत घेऊन त्याला पाजायचे आणि उरलेलं धुण्यासाठी वापरायचे. मी म्हटलं, "बाबा, त्याच्यासाठी घडीचा वाडगा आहे ना." तर म्हणाले, "असू दे. त्याला असंच आवडतं."

परत जायच्या दिवशी एअरपोर्टला बाबा माझ्याशी धड बोललेच नाहीत. नंतर कळलं, ते बोलले असते तर रडले असते.

त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉल. बाबा आधी विचारायचे, "मुगी कुठाय?" मग मी. हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. मला ते त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. निखिल 'ते जावई' झाला. मुगीचं नाव मात्र कधी चुकलं नाही. मला याचा थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मुगी चौदाचा झाला. मागचे पाय गेले, डायपर आले. दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. मी एकदा त्याच्यावर ओरडलेही, "आता बस झालं रे!" — तर तो बिचारा 'बस' एवढंच समजला आणि बसायचा प्रयत्न करायला लागला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर ती कधीही फुटेल, आणि केलं तर या वयात भुलीचा धोका आहे. आम्ही ऑपरेशनचं ठरवलं. मीच ठरवलं, निखिल हो म्हणाला. साताऱ्याला कोणालाही कळवलं नाही. दादा आणि स्मितावहिनी बाबांचंच करून दमलेले, आणि बाबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना आवरणं कठीण झालं असतं.

डॉक्टरांची सूचना होती की आदल्या रात्रीपासून खाणं नाही आणि सकाळी सातनंतर पाणीसुद्धा नाही. दुपारी बाराला घेऊन या.

निखिल त्या दिवशी कामासाठी ओसाकाला होता. घरात मी आणि मुगी. सात वाजता मी त्याचा पाण्याचा वाडगा उचलला आणि सिंकमध्ये ठेवला. का कोण जाणे, त्या दिवशी त्याला भयंकर तहान लागली होती. तो सरपटत वाडग्याच्या जागेपाशी आला आणि तिथल्या चटईवर हनुवटी टेकून पडला. मग बाथरूमकडे गेला. फरशी ओली होती, ती चाटायला लागला. मी त्याला ओढून बाहेर काढलं आणि दार लावलं. "नाही म्हटलं ना," असं दटावलंही. तो दारापाशी बसून माझ्याकडे बघत राहिला. पाच तास. मी लॅपटॉप उघडून दुसरीकडे तोंड करून बसले, कारण मला बघवेना.

हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही. निखिललाही नाही.

एक वाजता त्याला आत नेलं. नर्सने नेताना सवयीप्रमाणे लाडाने म्हटलं, "मुगी-चान, चला." अडीचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि माझ्यासमोर खूप खाली वाकले. ते बराच वेळ वर उठलेच नाहीत, तेव्हा मला कळलं.

त्यांनी मला सांगितलं की त्याला नीट पुसून, आवरून माझ्याकडे देतील, थोडं थांबा. मी त्या वेटिंग रूममध्ये एकटीच होते. निखिलला मेसेज लिहायला फोन हातात घेतला होता, तेवढ्यात तो वाजला. स्मितावहिनी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजत आले असतील.

मी फोन का उचलला, माहीत नाही.

"बिझी आहेस का गं?" वहिनींचा आवाज थकलेला, पण हसरा होता. "दोन मिनिटं ऐक. बाबांनी आज आमची काय पळापळ केली! पाऊण तास घरात नव्हते. दार मी लावलेलं, कसं उघडलं देव जाणे. तुला माहितीये, सहा महिन्यांत ते एकटे खाली उतरलेले नाहीत."

"सापडले का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"हो गं. आपल्या पार्किंगमागे तो नळ आहे ना, तिथे ओट्यावर बसलेले. माझं दुधाचं पातेलं घेऊन. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी म्हटलं, बाबा, इथे काय करताय? तर म्हणतात, मुगी आला होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना? ... म्हणाले, किती तहान लागलेली बिचाऱ्याला. कोणी पाणीच दिलं नव्हतं सकाळपासून. आधी ओंजळीने पाजलं, पण पुरेना, म्हणून वर येऊन पातेलं घेऊन गेलो. दोन पातेली प्यायला म्हणे. आणि काय तर, पायाला कोणीतरी नारिंगी पट्टी बांधलीये, ती सोडायला गेलो तर पाय काढून घेतला, दुखत असेल. एवढं सगळं तपशीलवार! गेल्या महिनाभरात सलग एवढं बोललेले नाहीत ते. मला म्हटलं तर बरंच वाटलं. कसा आहे गं मुगी?"

मी म्हटलं, "वहिनी, मी नंतर फोन करते."

दहाएक मिनिटांनी नर्सने खोका आणला. पांढरा पुठ्ठ्याचा खोका, आत टॉवेलखाली मुगी, डोक्याशी लहान पिवळी फुलं. तिने विचारलं, बघायचंय का? मी टॉवेल बाजूला केला. त्याच्या पुढच्या डाव्या पायाला, सलाइनच्या जागी, नारिंगी पट्टी होती.

मी ती तोवर पाहिलेली नव्हती. आत नेण्याआधी त्याच्या पायावर काहीच नव्हतं.

मी नर्सला विचारलं, ही पट्टी नेहमी अशीच असते का? ती गोंधळली. म्हणाली, रोल संपला की जो रंग हाताला येईल तो वापरतो. मग हळूच म्हणाली, सोडू का? मी नको म्हटलं.

आता तुम्ही जे विचार कराल ते सगळे मी करून झाले आहेत. सोसायटीत भटकी कुत्री आहेत, त्यांतलं एखादं तहानलेलं बाबांपाशी आलं असेल. पाठीवर, पायावर पट्टी बांधलेलं कुत्रंही असू शकतं. दादाने दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे चौकशी केली — असं कुत्रं कोणी पाहिलं नव्हतं, पण न पाहिलेलं म्हणजे नव्हतंच असं नाही. माझी लॅबमधली बुद्धी म्हणते, योगायोग. तहान, पट्टी, वेळ — तीन गोष्टींचा एकदम योगायोग होऊ शकतो, गणितात तसं अशक्य काही नसतं. पण 'कोणी पाणीच दिलं नव्हतं सकाळपासून' हे वाक्य ऐकताना त्या खुर्चीवर माझं काय झालं, ते गणितात कुठे बसवू?

वहिनींना मी मुगी गेल्याचं चार दिवसांनी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पातेलं रिकामं होतं गं. आणि ओटा कोरडा होता."

डिसेंबरात आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र, कारण आता कोणाची सोय लावायची नव्हती. मला बाबांना फक्त एवढंच विचारायचं होतं. मुगी माझ्यावर चिडला होता का. तो नीट, पोटभर प्यायला का. जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता.

बाबा गॅलरीत चहा घेत बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघून अदबीने हात जोडले. "या. लांबून आलात?"

"जपानहून," मी म्हटलं.

"अरे वा. लांबच की."

मग म्हटलं, "बाबा, मुगी आला होता ना इथे? ऑक्टोबरात. तुम्ही त्याला पाणी पाजलंत."

ते विचार करत राहिले. मनापासून आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. मग त्यांनी मान हलवली.

"कोणाचं नाव घेतलंत?"

"मुगी. आपला कुत्रा, बाबा."

"नाही हो," बाबा अगदी हळुवारपणे म्हणाले, जणू मला वाईट वाटू नये. "आमच्या घरात कधी कुत्रं नव्हतं."

त्या रात्री मी निखिलला सगळं सांगितलं — वाडगा, बाथरूमचं दार, दटावणं, पाच तास. त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "तुला काय वाटतं, खरंच आला असेल?"

मला माहीत नाही. मी अजूनही अशा गोष्टींवर विश्वास ठेवते की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी दार उघडताना मी क्षणभर थांबते, आत काही नसतं, कधीच काही नव्हतं, कसला आवाज नाही, कसली चाहूल नाही. माझ्याकडे तो आला नाही. तो जिथे पाणी मिळेल तिथे गेला.